मिस्त्रींचा आवाज

मिस्त्री गेले तेव्हा त्यांचे फोटो होते, त्यांच्या हातची कपाटं होती, खुंटीवर त्यांचा सदरा होता. आवाज मात्र कुठे नव्हता. मिस्त्री बोलताना अडखळत. 'प', 'ब', 'म' आला की पुष्कळदा त्यांचे ओठ मिटायचे ते लवकर उघडायचेच नाहीत. घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे, पण फोन वाजला की त्यांना घाम फुटायचा. ते तो बायकोच्या हातात देत आणि शेजारी उभे राहून खुणा करत. तिकडच्या माणसाला वाटायचं, ही बाई फारच कमी बोलते. ती बिचारी नवऱ्याचे हातवारे समजून घेण्यात गुंतलेली असायची.

ते सिनेमाच्या युनिटमध्ये सुतारकाम करत. त्यांचा धाकटा भाऊ तिथेच लाइट लावायचा. त्यानंच भावाला कामावर आणलं होतं. युनिटमध्ये सगळे त्यांना मिस्त्री म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी.

एका सिनेमात सुताराचं छोटंसं काम होतं. बऱ्याच वर्षांनी घरी परतलेल्या नायिकेला आईच्या खोलीचं दार उघडत नाही, म्हणून ती सुताराला बोलावते. त्या कामासाठी आणलेला नट रंधा असा धरायचा जणू कपड्यांवरून इस्त्री फिरवतोय. दिग्दर्शक कंटाळला. कोपऱ्यात खिळे वेचत बसलेल्या मिस्त्रींकडे बघून म्हणाला, "तुम्हीच करा हो."

"मला बो... बोलता येत नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग हा सुतार असाच बोलतो, असं समजू."

त्या संध्याकाळी मिस्त्री घरी आले ते वेगळ्याच चालीनं. वहिनींना त्यांनी सगळं सांगितलं, कॅमेरा कुठे होता, नायिका कुठे उभी होती. वहिनी म्हणाल्या, "काय बोललात ते एकदा म्हणून तरी दाखवा."

"म... मग तिकीट काढून ऐक," मिस्त्री म्हणाले आणि हसत हात धुवायला गेले.

थंडी सरता सरता एका सकाळी ते बूट घालायला वाकले आणि तसेच कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर वहिनींनी सिनेमाची वाट पाहिली. कुणाला बोलून दाखवलं नाही. दुरुस्तीच्या कपड्यांचं शिवणकाम त्या पूर्वीसारखंच करत राहिल्या. पण धाकटे दीर घरी आले की त्या विचारत, "भाऊजी, पिक्चर कधी लागतोय?" आणि दीर म्हणत, "लागेल, वहिनी. अजून बरंच काम बाकी आहे."

सिनेमा लागला तो घरापासून दोन-तीन स्टॉपवरच्या थिएटरमध्ये. पहिल्या रविवारी तिघं गेली. वहिनी, त्यांचे सासरे आप्पा आणि दीर. आप्पांनी उभा जन्म बस चालवण्यात घालवला होता, इंजिनाशेजारी बसून. त्यांनी त्या दिवशी दाढी केली होती. दीर यायला फारसे राजी नव्हते. "मी युनिटबरोबर बघीन," म्हणत होते. आप्पांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तसे निमूट आले.

थिएटर जुनं होतं, पण अगदीच टाकाऊ नव्हतं. खुर्च्यांची कापडं विटलेली, जाजम मधोमध झिजलेलं. आधी जाहिराती झाल्या, त्या इतक्या मोठ्यानं की आप्पांनी कानांवर हात ठेवले. मग सिनेमा सुरू झाला आणि आवाज कुणीतरी गोधडीत गुंडाळावा तसा झाला. संगीत ऐकू येत होतं. गाडीचा हॉर्न, भांड्यांची आदळआपट ऐकू येत होती. माणसं बोलायला लागली की मात्र शेजारच्या घरात कुणीतरी बोलतंय आणि मधे भिंत आहे, असं वाटे. मागून दोघंतिघं ओरडले, "आवाज." कुणी शिट्टी मारली. काही फरक पडला नाही.

मग मिस्त्री आले.

पडद्यावर ते होते त्यापेक्षा कितीतरी मोठे दिसत होते. दाराच्या कडेला त्यांनी अंगठा फिरवला, अगदी तसाच, जसा ते घरच्या टेबलावरून फिरवत. रंधा चालायला लागला, त्याची सरसर दोन्ही बाजूंनी स्वच्छ ऐकू आली. लाकडाची साल गोल वळून खाली पडली. मग त्यांनी मान वर करून नायिकेकडे पाहिलं आणि ते बोलले. ओठ मिटले, थांबले, उघडले. वहिनी पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून निम्म्या उठल्या. काहीतरी घुमल्यासारखं झालं, आणि प्रसंग बदलला.

 बाहेर येऊन बसमध्ये बसल्यावर आप्पा म्हणाले, "माझे कान गेले गं."

"तुमचे कान नाही गेले, आप्पा. कुणालाच ऐकू आलं नाही. लोक ओरडत नव्हते का?"

"तू माझं मन राखायला म्हणतेस."

घरी गेल्यावर त्यांनी घड्याळ एका कानाला लावून पाहिलं, मग दुसऱ्या. बोटं कानाशी चोळून पाहिली. दीर दारातच उभे होते. ते म्हणाले, "जाऊ दे ना, वहिनी. दादा दिसला, हेच पुष्कळ झालं." वहिनींना त्या बोलण्याचं नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच थिएटरात गेल्या. मॅनेजर आपल्या खोलीत पंख्याखाली बसून जुन्या पोस्टरच्या गुंडाळ्या बांधत होता. माणूस तिरसट नव्हता. थकलेला होता.

"तक्रार ना?" तो म्हणाला. "बसा. जाहिराती मोठ्यानं वाजतात म्हणून लोक भांडायला येतात, तोवर पिक्चर सुरू झालेला असतो, आणि मी आवाज कमी करतो. मग पिक्चरमधलं बोलणं ऐकू येत नाही म्हणून दुसरे भांडतात."

"नुसता कमी नव्हता. बोलणंच येत नव्हतं. बाकी सगळं येत होतं."

मॅनेजरनं हातातली सुतळी खाली ठेवली. "खरंय तुमचं. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, पडद्याच्या मागच्या. तो फाटलाय. बरेच महिने झाले. आमच्याकडे पिक्चर येतात ते मारामारीचे. त्यात बोलतंय कोण? आधी खुर्च्या आवाजानं हलायच्या, आता खिळखिळ्या झाल्यात म्हणून हलतात. हा असला बोलका पिक्चर वर्षाकाठी एखादा येतो, आणि तोही या आठवड्यात उतरेल."

वहिनींनी त्याला सांगितलं, सुतार कोण होता ते. सगळं सांगितलं नाही, थोडंच. मॅनेजरनं ऐकून घेतलं. मग उठला आणि म्हणाला, "या, दाखवतो."

पडद्यामागे अंधार होता आणि धुळीचा वास. मॅनेजरनं बॅटरी लावली तेव्हा वहिनींना दिसलं की पडद्याला बारीक बारीक भोकं आहेत, हजारो, आवाज पलीकडे जावा म्हणून. मागे लाकडी चौकटीत तीन मोठाले स्पीकर होते. मधल्याच्या तोंडावरचा काळा कागद उभा फाटून लोंबत होता.

"वरचा छोटा हॉल आम्ही बंद केला," मॅनेजर म्हणाला. "तिथला एक चांगला पडलाय. पण जिन्यावरून खाली आणायला दोन धडधाकट माणसं लागतील. मेकॅनिक माझा ओळखीचा आहे, तो जोडून देईल. उचलायला मात्र तो येणार नाही, त्याची कंबर गेलीय."

"माणूस मी आणते," वहिनी म्हणाल्या.

दीर तयार होईनात. आधी म्हणाले काम आहे, मग म्हणाले पाठ धरलीय. शेवटी म्हणाले, "कशाला ही यातायात, वहिनी? चार वाक्यं तर आहेत."

वहिनी शिवणयंत्रावरून उठल्या. "भाऊजी, तुमच्या सख्ख्या भावाचा आवाज आहे. मला तो ऐकून किती दिवस झाले माहीत आहे? आप्पांना वाटतंय, ते बहिरे झाले. आणि तुम्ही म्हणता कशाला?"

दिरांनी खुंटीवरच्या दादाच्या सदऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी येतो."

आले. मेकॅनिक खुर्ची टाकून बसला आणि सूचना देत राहिला. दीर आणि मॅनेजर यांनी तो स्पीकर जिन्यावरून पायरीपायरीनं उतरवला. दिरांच्या सदऱ्यावर घाम आणि धूळ मिळून चिखल झाला होता. जुना निघाला, नवा चौकटीत बसला, तारा जोडल्या. मॅनेजर म्हणाला, "दुपारच्या खेळाआधी तपासून बघू. ताई, तुम्ही मधोमध बसा. तुमचाच प्रसंग लावतो."

तो वर गेला. रिकाम्या थिएटरात वहिनी मधल्या रांगेत बसल्या. दीर पडद्यामागून आले आणि त्यांच्या खुर्चीपाशी उभे राहिले. बसले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "आधी एक सांगायचंय."

तेवढ्यात दिवे मंद झाले. मिस्त्रींनी दारावर अंगठा फिरवला. रंधा चालला. त्यांनी मान वर केली.

"दार मो... मोडलेलं नाही, बाई," पडद्यावरून आवाज आला, इतका स्पष्ट की श्वाससुद्धा कळावा. "ब... बरेच दिवस कुणी उघडलं नाही, म्हणून फुगलंय. थोडं तासतो. मग ब... बसेल."

अडखळणं मिस्त्रींचं होतं. थांबण्याची तऱ्हा त्यांची होती. आवाज परक्या माणसाचा होता.

वहिनी हलल्या नाहीत. पडद्यावर नायिका दार ढकलून आत गेली, तरी त्या बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "हा कोण?"

दीर शेजारच्या खुर्चीवर बसले. "डबिंग आहे, वहिनी. शूटिंगच्या दिवशी जनरेटर चालू होता. तो आवाज वापरता येत नव्हता. नंतर स्टुडिओत बोलावून परत बोलून घेतात सगळ्यांकडून. दादाला बोलवायच्या आतच..." त्यांनी हातावरची धूळ झटकली. "मग दुसऱ्याकडून करून घेतलं. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही दर वेळी विचारायचात आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. इथे ऐकू आलं नाही तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, सुटलो."

"आणि तरी स्पीकर उचललात."

"मग काय करणार होतो?"

वहिनींना राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते त्यांना कळेना. हा शेजारी बसलेला मळका माणूस त्या लायकीचा दिसत नव्हता. वरून मॅनेजरनं विचारलं, "ठीक आहे ना, ताई?" त्यांनी हात वर करून ठीक आहे अशी खूण केली. खरंच ठीक होतं. शब्दन् शब्द ऐकू येत होता.

घरी आप्पा कपडे करून बसले होते. वहिनींनी त्यांना कबूल केलं होतं, दुपारच्या खेळाला नेईन म्हणून. त्या त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. सांगावं की नाही, याचा विचार वाटेत करून झाला होता. नुकतंच आपल्यापासून लपवलेलं त्यांना कळलं होतं. तेच आता दुसऱ्याशी करायची त्यांची तयारी नव्हती.

"आप्पा, स्पीकर बसवला. पण त्यात आवाज ह्यांचा नाही. दुसऱ्या कुणाचा आहे. हे गेल्यावर घेतलेला."

आप्पांनी टोपी हातात घेतली होती, ती फिरवत राहिले. दीर दाराशी मान खाली घालून उभे होते. आप्पांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, काय ते त्यांना समजलं असावं.

"चल," ते म्हणाले.

"नको वाटत असेल तर राहू दे."

"कान तपासायचेत ना माझे? चल."

त्या दिवशी त्यांनी सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. नायिका आईच्या पेटीतले कपडे काढते तिथे त्यांनी डोळे पुसले. मुलाच्या प्रसंगाला ते ताठ बसून ऐकत राहिले. वहिनींनी पडद्याकडे पाहिलं नाही, आप्पांकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "माझे कान शाबूत आहेत." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "पण त्या माणसाला असं अडखळायला शिकवलं कुणी? नक्कल वाटली नाही. नक्कल मला कळते. माझा पोरगा लहान असताना शाळेतली पोरं करायची."

हा प्रश्न वहिनींच्याही मनात होता. पुढच्या आठवड्यात दीर त्या दोघांना स्टुडिओत घेऊन गेले.

आवाज देणारा कलाकार चाळिशीतला होता, किडकिडीत, चष्मा लावलेला. एरवी तो जाहिरातींत साबण नि रंग विकायचा. कोण आलंय ते कळल्यावर तो उभाच राहिला, त्याला बसवेना.

"मला सांगितलं होतं, सरळ बोलून टाका," तो म्हणाला. "पण ओठ मिटलेले दिसत होते, त्यावर सरळ बोललं तर खोटं वाटायचं. म्हणून मूळचा आवाज मागून घेतला. दिवसभर तोच ऐकला. मला वाटलं होतं, नुसतं थांबलं की झालं. पण ते थांबायचे नाहीत, आतल्या आत बोलत असायचे. शब्द दाराशी आलेला असायचा. आणि 'बाई' म्हणताना अडखळले नाहीत. बाकी सगळ्या 'ब'ला अडखळले, त्याला नाही. का ते मला कळलं नाही."

"मला बाई म्हणायचे ते," वहिनी म्हणाल्या. "तो शब्द कधी अडला नाही."

कलाकारानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "ते वारल्याचं मला नंतर कळलं. आधी कळतं तर कदाचित जमलं नसतं."

"चांगलं केलंत," आप्पा म्हणाले. "वेडंवाकडं केलं असतंत तर मी बोललो असतो."

मूळचा आवाज अजून होता. साउंडचं काम बघणारी बाई आत होती, तिनं त्यांना काचेच्या खिडकीच्या खोलीत बसवलं. भिंतींना कापड लावलेलं होतं, बाहेरचं काहीही ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, "फार खराब आहे. आधीच सांगते. म्हणून तर वापरला नाही."

तिनं बटण दाबलं. आधी नुसती घरघर. जनरेटरची, सतत, दळण दळावं तशी. कुणीतरी खोकलं. लांब कुणीतरी काहीतरी पाडलं. मग त्या घरघरीच्या तळातून मिस्त्री बोलले. निम्मे शब्द बुडाले होते. 'मोडलेलं नाही' ऐकू आलं, 'बाई' ऐकू आलं, 'फुगलंय' अर्धंच आलं. वहिनींनी दोन्ही हात तोंडावर धरले. त्या रडत नव्हत्या. आपल्या श्वासाचा आवाजसुद्धा मधे येऊ नये, म्हणून त्यांनी तसं केलं होतं.

प्रसंग संपल्यावरही आवाज चालू होता. कुणीतरी "ओके" म्हटलं. मिस्त्री कुणालातरी म्हणाले, "रंधा पा... पालथा नको ठेवू रे. आडवा ठेव, नाहीतर धार जाईल." आणि मग ते कुठेतरी टेकले असावेत, कारण फळी करकरली आणि एक लांब श्वास ऐकू आला. त्यानंतर आणखी एक. मग टेप बंद झाली.

 दीर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"दमलाय गं तो," आप्पा म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तो शेवटचा श्वास ऐकलास? एवढंसं दार तासून माणूस इतका दमत नाही."

साउंडवाल्या बाईनं विचारलं, "तेवढंच परत लावू?"

वहिनींनी मानेनंच हो म्हटलं. तिनं पुन्हा लावलं. या वेळी वहिनींनी शब्द ऐकले नाहीत, नुसते श्वास ऐकले. वर येता येता मधेच अडलेले, जिना चढून आलेल्या माणसासारखे. मग त्या म्हणाल्या, "त्या हिवाळ्यात ते घरी आले की आधी पायरीवर बसायचे. मी म्हणायची, आत या, चहा गार होतोय. म्हणायचे, बसतो जरा. मला वाटायचं, काम जास्त असेल."

"मला पण वाटलं काम," दीर भिंतीकडे बघतच म्हणाले. "त्या दिवशी ते दार त्यानं जिन्यावरून एकट्यानं वर नेलं होतं. मी दिवे लावत होतो."

"तुमचं दोघांचं काही चुकलं नाही," आप्पा म्हणाले. "तो सांगणाऱ्यातला नव्हता. आणि आपण विचारलं असतं तरी त्यानं काही नाही म्हटलं असतं."

साउंडवाल्या बाईनं तो तुकडा दिरांच्या फोनवर घालून दिला. घरघर कमी करून देऊ का, तिनं विचारलं. थोडा वेळ लागेल, पण आवाज जरा वर येईल. वहिनींनी विचारलं, "मग ते श्वास राहतील?"

"ते बहुतेक जातील."

"मग असू दे आहे तसं."

निघताना कलाकार त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आला. आप्पांना उतारावर धरायला त्यानं हात पुढे केला आणि आप्पांनी तो धरला. बस येईपर्यंत तो तिथेच थांबला.  बस आल्यावर दीर आधी चढले आणि त्यांनी पुढची जागा धरून ठेवली. आप्पा खिडकीशी बसले, वहिनी त्यांच्या शेजारी. थोडं अंतर गेल्यावर वहिनींनी मागे वळून दिरांकडे हात पसरला, त्यांनी फोन दिला. वहिनींनी तो कानाला लावला नाही. पर्समध्ये ठेवला, पर्स मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.